धपाकबाईंचा पूल

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. खोटं निघालं तर माझी कवळी चारचौघांत चहात पडो.

इंजिनिअरिंग कॉलेजात एक बाई पूल बांधायला शिकवायच्या. सगळे त्यांना धपाकबाई म्हणत, कारण त्यांची शिकवायची तऱ्हाच जगावेगळी. मुलांनी पुठ्ठा आणि डिंक घेऊन दोन टेबलांमध्ये पूल बांधायचा आणि बाईंनी त्यावर उभं राहायचं. पूल मोडला की बाई धपाककन खाली, आणि मुलं गुडघ्यांवर बसून आपण कुठे चुकलो ते शोधायला लागायची. बरं, पडणं काय साधंसुधं? खालच्या मजल्यावर प्राचार्यांच्या कपातला चहा बशीत यायचा, आणि बशीतला फायलीवर. हाडांच्या डॉक्टरांनी तर त्यांच्या नावाची खुर्चीच ठेवली होती.

पण तीस वर्षांत एकही सहकारी त्यांच्या वर्गात डोकावला नाही. स्टाफरूममध्ये सर्कस सर्कस म्हणून हसायचे, आणि बाई आल्या की घड्याळं बघत उठायचे. घरी दुसरं कोणी नाही. पाठीला मलम लावायचं तर हात पोचेना, म्हणून बाई दाराच्या चौकटीला मलम फासून त्यावर पाठ घासायच्या.

निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा त्यांनी नव्या तऱ्हेनं शिकवणाऱ्यांना मिळतो त्या पुरस्काराचा अर्ज भरला. ढाल-बिल नको होती. एकदा कुणीतरी खुर्ची टाकून बसावं, आपलं काम बघावं, एवढंच.

तिघांची समिती आली. बाई पुलावर चढल्या. पूल हलला नाही. टाळ्या पडल्या, अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. बाई मात्र वर उभ्याच. पुठ्ठा वजनाखाली करकरतो, कुरकुरतो. हा अगदी मुका. त्यांनी उतरून कडेचा पुठ्ठा नखानं सोलला. आत होस्टेलच्या पडद्याची लोखंडी सळई.

वर्गातल्या सगळ्यात उंच मुलीनं मान खाली घातली. "मॅडम, आज तरी तुम्ही पडू नये असं वाटलं."

पेन कागदाला टेकतंय ते बाईंना दिसत होतं. गप्प बसल्या असत्या तर पुरस्कार खिशात होता.

"सर, लिहू नका," त्या म्हणाल्या. "यांनी मला सांभाळलं, पूल नाही बांधला. यांच्या पुलांवरून उद्या माणसं जाणार आहेत."

अध्यक्षांनी टोपण लावलं. पुढच्या कॉलेजला उशीर होतोय म्हणाले आणि तिघं उठले. मुलांनी सळई ओढून काढली. रिकाम्या खुर्च्यांसमोर बाई पुन्हा चढल्या, पूल करकरला, आणि धपाक. उंच मुलीला मोडलेला जोड पहिल्याच फटक्यात सापडला.

पुरस्कार वर्गात पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून शिकवणाऱ्या कुणा साहेबांना मिळाला. पण त्या संध्याकाळी सगळा वर्ग बाईंना घरापर्यंत पोचवायला गेला.

बरं बाई, एवढं शेवटचं माझ्या पदरचं. मुलांना बस गाठायची होती. बाई लंगडत एकट्याच गेल्या. तसं सांगायला माझी जीभच रेटेना.