राघो येईपर्यंत

काळुरामने ओटीवरचा दिवा कायमचा बंद केला. कमलेशने बापाच्या पायाला हात लावला. बिल्डरकडून पुनर्विकासाचा करार घेऊन आलेल्या सुश्रुतने पेनाचं टोपण काढलं. मग काळुरामने बटण पुन्हा खाली दाबलं आणि दिवा लागला. असं काही झालंच नाही, हे सगळ्यांनी न बोलता ठरवलं आणि परत चहा मागवला.

कोपरीतल्या त्या घराचा एकच नियम होता: शेवटचं माणूस घरात येईपर्यंत ओटीवर दिवा. सत्याहत्तर साली काळुरामचा धाकटा भाऊ राघो मिठागरावरून आला. भात चुलीवर होता. "शिजेपर्यंत येतो दादा," म्हणाला आणि बाहेर पडला. दोन महिन्यांनी एडनहून पत्र आलं, बोटीवर लागलोय म्हणून. पुढे काहीच नाही. नियमाप्रमाणे दिवा चालू राहिला. बल्ब बदलले, वायरिंग बदललं, भिंतही एकदा बदलली.

"बाबा, काका गेले असतील आता," कमलेश म्हणाला.

"गेलाच हाय ना. म्हनून तर दिवा लावलाय."

समृद्धीने मोबाइलमधून मान वर काढली. "आजोबा, त्याच वर्षी एक यान सोडलेलं. व्हॉयेजर. अजून चालूय."

"कुठं पोचलं?"

"प्लूटोच्याही खूप पुढे. इथून निरोप पोचायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. वीज पुरत नाही म्हणून त्याचं एकेक यंत्र बंद करतायत. हीटरपण."

"परत कवा येनार?"

"नाही येणार."

"त्याच्या घरच्यांना ठाव हाय?"

"त्यांनीच पाठवलंय."

काळुरामने बशीतला चहा संपवला. "आनि तरी ऐकत बसलेत?"

"हो."

कमलेशने लेकीकडे असं पाहिलं, की तिने मोबाइल उलटा ठेवला.

काळुराम उठला. त्याने आतले दिवे घालवले, पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. टीव्हीचा प्लग काढला, त्यालाच चिकटून असलेला सुश्रुतच्या लॅपटॉपचा चार्जरही काढला. आतलं घर अंधारलं. ओटीवर तेवढा पिवळा उजेड राहिला. त्यात बसून तो म्हणाला,

"सही करतो. पन येक कलम घाला."

कमलेशने डोळे मिटले. सुश्रुतने उरलेल्या बॅटरीवर, काळुराम सांगेल तसं, ऑफिसच्या भाषेत टाइप केलं:

"नियोजित तेवीस मजली इमारतीत, मूळ ओटीच्या जागी येणाऱ्या पार्किंगमध्ये एक पिवळा दिवा अखंड चालू ठेवण्यात यावा. तो बंद करावयाचा झाल्यास श्री. राघो हिराजी भोईर यांची समक्ष संमती घेण्यात यावी. संमती घेण्यापूर्वी त्यांना गरम भात वाढण्यात यावा, ही विनंती."