डोरीनचा काठ

“तीन हात! दोन! अरे घे ना मेल्या, घे!”

तळ्याच्या पलीकडून डोरीन थ्रेलफॉलचा आवाज आला आणि समुद्राकडच्या कठड्यावरचे दोन समुद्रपक्षी उडाले. अलीकडच्या काठावर क्लिफर्ड मान वाकडी करून उभा होता. आइस्क्रीमच्या बंद दुकानाकडे बघत असावा, तसा. बोटीकडे त्याचं लक्षही नव्हतं. तरी ‘घे’ म्हटल्याबरोबर त्याची बांबूची काठी पुढे गेली, त्यांच्या ‘किटीवेक’ बोटीच्या नाकाला रबरी टोक लागलं, बोट वळली, शिडांत वारा भरून आडवी झाली आणि सरसर डोरीनकडे निघाली.

“काडीमोड होऊन बावीस वर्षं झाली,” माझ्या शेजारी उभा असलेला ट्रेव्हर पिलिंग म्हणाला. “कोर्टानं सोडवलं बिचाऱ्याला, पण हिनं नाही सोडलं.”

आम्ही हसलो. सँडहोममध्ये दर शनिवारी आम्ही ह्याच विनोदाला हसायचो.

मी बर्नार्ड क्लेग. पस्तीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवलं, आता क्लबाची शिट्टी सांभाळतो. शर्यत मी सोडतो, मी थांबवतो, आणि कोणी नियम मोडला तर त्याचे शिव्याशाप मीच खातो. आमच्या बोटी लाकडी, उभ्या धरल्या तर माणसाच्या छातीला लागतील एवढ्या लांब. त्यांना ना इंजिन, ना काठावरून फिरवायचं हातातलं यंत्र. मागे वाऱ्याचं एक पातं असतं, ते सुकाणू सांभाळतं. शिडं लावायची, पातं बसवायचं आणि बोट सोडून द्यायची. वाऱ्याविरुद्ध जायचं तर ती नागमोडी जाते, ह्या काठावरून त्या काठावर. म्हणून प्रत्येक बोटीला माणसं दोन लागतात, काठाकाठाला एक. आपल्याकडे आली की काठीनं वळवायची आणि परत पाठवायची. ढकलायची नाही. दुसऱ्याच्या बोटीला तर हातही लावायचा नाही, मग ती बुडेना का.

पावसात कुडकुडत खेळण्यातल्या होड्यांमागे धावणारे म्हातारे बघून फिरायला आलेले लोक विचारतात, ह्यात आहे तरी काय? ट्रेव्हर सांगतो, सुतारकाम. कोणी म्हणतं, मोकळी हवा. बायकोपासून चार तास सुटका, हेही एक उत्तर आहे. मला स्वतःला बरीच वर्षं धड उत्तर देता आलं नव्हतं. सवय, म्हणायचो मी, आणि फ्लास्कमधला चहा ओतायचो.

क्लिफर्ड बस डेपोत मेकॅनिक होता. डोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात होती. किटीवेक त्यानं लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बांधली, मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, देवदाराच्या पट्ट्या एकेक वाफवून. मग दुसरी बोट बांधायला घेतली, मग तिसरी. डोरीन एक दिवस बॅग भरून बहिणीकडे गेली ती गेलीच. क्लिफर्ड जेवायला आला तेव्हा ताट झाकलेलं होतं, आणि ती गेली आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं, असं लोक सांगतात. लोकांचं काय, लोक मीठमसाला लावतातच. पण पुढच्या शनिवारी डोरीन हिरवा कोट घालून, काठी घेऊन पलीकडच्या काठावर आपल्या नेहमीच्या जागी हजर होती. हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घर सोडलं, पण काठ सोडला नाही.

ह्या मार्चमध्ये क्लिफर्ड माझ्या स्वयंपाकघरात केस कापून घ्यायला आला. जुन्या गिऱ्हाइकांची डोकी मी अजून करतो. कापून झाल्यावर मान दाखवायला मी हातातला आरसा त्याच्यामागे धरला. गप्पांच्या नादात तो उलटा धरला गेला होता, लाकडी पाठ त्याच्याकडे.

“छान,” समोरच्या मोठ्या आरशाकडे तोंड करून क्लिफर्ड म्हणाला. “मागे जरा बारीकच हवे होते.”

मी आरसा तसाच धरून विचारलं, “कधीपासून, क्लिफ?”

त्यानं खांद्यावरचे केस झटकले. मग म्हणाला, “दोन वर्षं होतील. दोन्ही डोळे. सगळ्याच्या मधोमध कोणी अंगठा ठेवल्यासारखं झालंय. कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं तर तू नाहीस. तिकडे गॅसकडे बघितलं तर जरासा आहेस. दिसलास तरी काय फायदा म्हणा, ते थोबाड!”

“आणि बोट?”

“बोट डोरीन सांगते.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती करवादते आहे, असं आम्हाला दोन वर्षं वाटत होतं. तीन हात, दोन हात, घे. आणि तो रुसून तोंड फिरवतो, असं आम्ही म्हणत होतो.

“बर्नी,” क्लिफर्डनं माझं मनगट पकडलं, “तू काही बोलू नकोस. मला दुसरं काही नाही रे.”

हे सोपं नव्हतं. आमच्या काठाला पाण्याच्या बाजूनं कठडा नाही. मागच्या वर्षी एकजण पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून नियम आहे. डोळे, तोल, हृदय, ह्यांतलं काही बिघडलं तर काठी खाली ठेवायची. त्या नियमाखाली सही माझी आहे. मी सही करून तोंडाला कुलूप लावलं. चूक होती, मला ठाऊक आहे.

एकदा डोरीनला मात्र मी छेडलं. ती पलीकडच्या बाकावर आल्याचा केक खात बसली होती.

“तो शेडमध्ये राहायचा म्हणून तू घर सोडलंस. मग ह्याच बोटीसाठी इथे का मरतेस?”

“तुला काय करायचंय? तू शिट्टी वाजव.”

“सांग तरी.”

तिनं केकचा चुरा कोटावरून झटकला. “घरात त्यानं माझ्याकडे कधी बघितलंच नाही, बर्नी. वाढलं की खायचा. मी केस कापले, कळलं नाही. पडदे बदलले, कळलं नाही. पण इथे काठावर दर मिनिटाला बघायचा. मी बोट घेतली का, म्हणून. बोटीसाठी का होईना, बघायचा ना.” मग ती पाण्याकडे बघून म्हणाली, “आता तेही गेलं. पण ऐकतो तरी.”

मी केकचा एक तुकडा मागून घेतला.

सप्टेंबरात डोरीनच्या गळ्यात गाठ निघाली. वाईट नव्हती, पण काढावी लागली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. तीन-चार महिन्यांनी येईल, कदाचित येणारही नाही, डॉक्टर म्हणाले. ती नुसत्या श्वासावर बोलायची. कान तोंडाशी नेल्याशिवाय कळायचं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ढालीची शर्यत असते. थ्रेलफॉल आणि पिलिंग अंतिम फेरीत आले होते. मी सकाळीच क्लिफर्डला गाठलं.

“शर्यतीतून नाव काढून घे. पाठ दुखते म्हण.”

“चौतीस वर्षं त्या बोटीला वळवतोय मी. नाकाखालचं पाणी कापल्याचा आवाज येतो मला.”

“वारा बघ केवढा आहे!”

“वारा नसेल तर शर्यत कशाची? सुतारकामाची?”

डोरीननंही आवाजाऐवजी दुसरी खूण करून पाहिली होती. काठी दगडावर आपटून बघितली, पण समुद्राकडचा वारा तो आवाज गिळायचा. मी माझी शिट्टी देऊ केली. तिनं मान हलवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “शिट्टी वाजली की सगळे थांबतात. आणि सगळ्यांना कळतं.” गळ्याला स्कार्फ गुंडाळून, तोच हिरवा कोट घालून ती आपल्या काठावर गेली. मग मीही शिट्टी वाजवून शर्यत सुरू केली. मला अजून वाटतं, तिथेच थांबायला हवं होतं.

पहिल्या दोन वळणांना क्लिफर्ड खरंच ऐकून चालला. मान वाकडी, कान पाण्याकडे. काठी बरोबर पुढे गेली, किटीवेक वळली. ट्रेव्हर माझ्यापुढून आपल्या बोटीमागे पळताना ओरडला, “आज बाई गप्प कशी? संप आहे का?” तिसऱ्या वेळी वारा वाढला. शिडांचा फडफडाट एवढा झाला की पाण्याचा आवाज मलाच येईना. बोट भिंतीला घासली. क्लिफर्डनं दोनदा हवेतच काठी फिरवली, मग कशीबशी नाकाला लावली.

चौथं वळण तळ्याच्या वरच्या टोकाजवळ आलं. बोट त्याच्या डावीकडे चार हातांवर होती आणि तो उजवीकडे काठी धरून उभा होता. मग त्याला चाहूल लागली असावी. तो डावीकडे सरकला. एक पाऊल, दुसरं पाऊल. दुसऱ्या पावलाचा अर्धा बूट काठाच्या बाहेर होता.

पलीकडे डोरीननं तोंड उघडलं. उघडलेलं मला इथून दिसलं. आवाज आला नाही.

शिट्टी माझ्या ओठांत होती. वाजवली तर सगळ्यांना कळणार, आणि क्लिफर्डचे शनिवार संपले. नाही वाजवली तर तो बहुधा पडणार. मी नुसता उभा राहिलो. लाज वाटते सांगायला, पण मी काही ठरवलंच नाही. डोरीननं ठरवलं. तिनं काठी टाकली आणि तळ्याच्या टोकाला वळसा घालून धावत सुटली, एकाहत्तर वर्षांची बाई धावते तशी, कोटाची टोकं फडफडवत. चौतीस वर्षांत तिनं शर्यतीत आपला काठ एकदाही सोडला नव्हता.

इकडे क्लिफर्डनं वाकून काठी लांबवली आणि त्याला बोट मिळाली. किती सुंदर वळवली त्यानं! अजिबात न ढकलता. किटीवेक आडवी होऊन डोरीनच्या काठाकडे निघाली, आणि तिथे कोणी नव्हतं.

डोरीननं मागून त्याची बाही धरली आणि त्याला एक पाऊल मागे ओढलं. मी तोवर दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत तिथे पोचलो होतो. तिला धाप लागली होती. क्लिफर्डला वाटलं, मीच आहे.

“सोड रे, बर्नी.” आणि मग सवयीनं, तोंड पाण्याकडे करून, चौतीस वर्षं विचारत होता तेच त्यानं मोठ्यानं विचारलं, “डोरीन, घेतलीस का?”

ती त्याच्या कानाशी गेली. “मी इथे आहे.”

“इथे?” तो म्हणाला. “मग तिकडे कोण आहे?”

“कोणी नाही.”

ठक्, असा आवाज पलीकडून आला. किटीवेक भिंतीला नाक लावून उभी होती आणि शिडं नुसती फडफडत होती. त्या काठावर ट्रेव्हरचा जावई तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानं काठी उचलली नाही. नियमच तसा आहे. ट्रेव्हरची बोट तिच्याशेजारून पुढे निघून गेली.

मला लोकांच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कळलं. बोट सोडून देता येते, कारण पलीकडे कोणीतरी आहे हे ठाऊक असतं. एवढंच आहे आमच्या खेळात. बाकी सगळं सुतारकाम.

क्लिफर्डनं काठी खाली ठेवली. वाकून, नीट, काठाच्या आत, कोणाच्या पायात येणार नाही अशी. मग त्यानं हात वर केला. आमच्याकडे माघार घेणारा असाच हात वर करतो. पण मला कळलं, तो ह्या शर्यतीपुरता हात नव्हता. मी शिट्टी वाजवली. बोटी थांबल्या, माणसं वळून बघायला लागली.

ती दोघं एका काठावर उभी होती. डोरीननं त्याची बाही सोडली नव्हती. वाऱ्यानं तिचा स्कार्फ सुटला होता आणि गळ्यावरचा ताजा व्रण दिसत होता. क्लिफर्डनं आधी सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं. मग हळूहळू मान फिरवली, पार समुद्राकडे, आणि तसाच उभा राहिला.

“बघ, बघ,” धापा टाकत आलेला ट्रेव्हर म्हणाला. “बाई जीव तोडून धावत आली, आणि हा बघ, तोंड फिरवून उभा आहे. दगड आहे, दगड!”

मी शिट्टी खिशात टाकली.

“केस पांढरे झाले की गं तुझे,” समुद्राकडे तोंड करून क्लिफर्ड म्हणाला.