बॉनेटच्या जुन्या केबलची कैफियत

मित्रांनो, गाडीचे बॉनेट उघडते ते माझ्यामुळे, आणि मला कुणी ओळखतसुद्धा नाही! मी एक जुनी केबल आहे. आत पोलादी तार, वर काळे प्लास्टिक. एक टोक स्टिअरिंगखालच्या खटक्याला, दुसरे बॉनेटच्या कुलपाला. माझ्या नशिबी चंदीगडची एक राखाडी गाडी आली आणि विनायकरावांसारखा मालक.

विनायकराव मूळचे साताऱ्याचे, चंदीगडजवळच्या एका संस्थेत औषधशास्त्र शिकवत. गाडीला मेकॅनिकचा हात लागू देतील तर शपथ! दर रविवारी ते समोर उभे राहत, वसुधाताई आत बसत आणि यांचा हुकूम सुटे, "ओढ गं!" खटका ओढला की मी ताणली जाई आणि बॉनेट टक्कन उघडे. "शाबास!" ती शाबासकी बायकोला असे, पण निम्मी मी माझ्या पदरात पाडून घेई.

मग त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. चार महिने एक शब्द नाही. गाडी दारात उभी राहिली. मला तेल कोण देणार? मी गंजले आणि खटक्यापाशी तुटले.

डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना आवडीच्या कामात बसवा. एक शब्द आला की बाकीचे येतील." म्हणून रजा काढून आलेल्या लेकीने, ज्ञानदाने, मला घरीच बदलायचे ठरवले.

जानेवारीची सकाळ होती. पक्कडीने माझे टोक खेचून तिने बॉनेट उघडले, मला कुलपातून सोडवले आणि माझ्या शेपटाला नवी केबल बांधली. मला आत ओढले की ती माझ्याच वाटेने मागोमाग येणार होती. बॉनेटसमोर खुर्चीत बसवलेल्या बाबांच्या डाव्या हातात तिने नवी केबल दिली, पुढे सरकवायला, आणि स्वतः आत जाऊन बसली.

आणि विनायकराव बोलले. "ओढ."

अहो, मला हर्षवायू व्हायचा बाकी होता! पण ज्ञानदा लहानाची मोठी झाली चंदीगडातच. मराठी कळते, पण कान हिंदीचे. ती धावत आली. "ठंड लग रही है, बाबा? अभी ओढ़ाती हूँ." तिने शाल त्यांच्या अंगावर घातली.

"ओढ... ओढ!" ते मान हलवत राहिले. तिने शाल आणखी घट्ट लपेटली. केबल धरलेला हातही आत गेला आणि केबल खाली पडली. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी आतल्या आत तळमळत होते, पण तारेला तोंड असते का?

वसुधाताई चहा घेऊन आल्या. "काही बोलले का गं हे?"

"हाँ आई! 'ओढ़' बोले. शॉल माँग रहे थे."

वसुधाताईंनी कप खाली ठेवला. "अगं वेडे, ते तुला केबल ओढ म्हणत होते!"

 ज्ञानदाने शाल दूर केली, केबल पुन्हा त्यांच्या हातात दिली. "बाबा, ओढू? चुकलं माझं. परत एकदा सांगा ना. सांगा ना, बाबा." इतके सलग मराठी ती जन्मात बोलली नव्हती. विनायकराव तिच्याकडे पाहत राहिले. डोळ्यांत पाणी आले, शब्द आला नाही.

शेवटी रडत रडत तिने मला ओढून काढले. नवी केबल बसली, बॉनेट झकास उघडते. विनायकराव मात्र अजून गप्पच आहेत. मी भंगाराच्या पोत्यात पडून आहे.

मित्रांनो, वेळच्या वेळी तेल मिळाले असते तर मी आणखी चार वर्षे टिकले असते. ते जाऊ द्या, केबल बाजारात मिळते. पण तुमच्या घरात कुणी जिवाच्या आकांताने एखादा शब्द बोलले, तर काहीही करण्याआधी त्यांना विचारा, "काय म्हणालात?" आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.