नऊ आणि चौदा

छत्तीस वर्षं मी वजनमापं तपासायचं काम केलं. बाजारात मला ‘काटेसाहेब’ म्हणत, आणि माझी पाठ वळली की आणखी काय काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला बघितलं की दुकानदार आधी हसायचे. जो जास्त हसला त्याचा तराजू मी आधी उचलायचो. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, गल्ल्याखाली लपवलेलं लोहचुंबक, दांडी मारायच्या नाना तऱ्हा, सगळं पकडलंय. निवृत्त झालो, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्याचं माप असो नाहीतर घरातला थर्मामीटर, माझा पटकन विश्वास बसत नाही.

त्या कामातला माझा एक नियम होता. आपलं खरं वजन आधी दाखवायचं नाही. ते पिशवीत ठेवायचं, दुकानदाराला त्याच्या काट्यावर वस्तू तोलायला लावायची, त्याच्या तोंडून आकडा घ्यायचा आणि मगच पिशवी उघडायची. आधी दाखवलं तर तो बेटा आकडा जुळवून देतो. हा नियम मी घरीही पाळला आणि त्यापायी माझ्या बायकोचा जीव जायची वेळ आली होती, म्हणून हे सांगतोय.

सहा महिन्यांपूर्वी हिला डाव्या स्तनात गाठ लागली. हिची सख्खी थोरली बहीण त्याच दुखण्यानं गेली. तेव्हापासून आमच्या घरात त्या दुखण्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही, नुसतं ‘ते’ म्हणतात. बाजाराजवळच्या सोनोग्राफी केंद्रात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी अर्धा तास बघितलं आणि म्हणाले, “नऊ मिलिमीटर. साधी दिसतेय. सहा महिन्यांनी हा रिपोर्ट घेऊन परत या. पण इथेच या.”

सगळं ठीक होतं, पण ते ‘इथेच’ माझ्या कानात अडकलं. इथेच का? दुसरीकडे गेलं तर काय उघडं पडणार आहे? जो माणूस दुसऱ्याच्या काट्यावर माल तोलू देत नाही, त्याच्याकडे कुठेतरी पाणी मुरतंय हे मी छत्तीस वर्षं बघत आलो होतो.

म्हणून सहा महिने भरल्यावर मी हिला गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या केंद्रात घेऊन गेलो. जिन्यातच सांगून ठेवलं, “आधीची तपासणी झालीय हे बोलायचं नाही. बघू ह्यांचं मशीन काय म्हणतं.”

“बरं,” ही म्हणाली.

चौतीस वर्षांच्या संसारात ही इतक्या लवकर कधी ‘बरं’ म्हणाली नव्हती. साधी पडद्यांची जागा बदलायची म्हटली तरी दोन दिवस वाद चालतो आमचा. पण तेव्हा मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, चला, शेवटी पटलं हिला आपलं.

आतली खोली अंधारलेली आणि गार होती. पलंगावर कागदाची लांब पट्टी, भिंतीला हात पुसायच्या कागदाची गुंडाळी, आणि कोपऱ्यात चाकांवरचं मशीन. डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी मशीनचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला. मी मनात म्हटलं, झालं! काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे पाहिजे, हा पहिला नियम, आणि इथे सुरुवातच उलटी. मशीनवर तपासणीचा शिक्का कुठे दिसतोय का, ते मी बघायला लागलो. पुढे नव्हता. मी वाकून मागे बघायला गेलो.

“काकू, ह्याच्या आधी कुठे तपासलंय का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही,” ही म्हणाली.

“घरात कुणाला असलं काही? आई, बहीण, मावशी?”

“नाही. कुणालाच नाही.”

मी मशीनच्या वायरींमध्ये वाकलेलो होतो, तिथूनच ऐकलं. एक खोटं मी पढवलं होतं, दुसरं हिनं पदरचं घातलं. माझी बायको आणि अशी पाठ केल्यासारखी बोलतेय! मला हसूच आलं. शिक्का मागेही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी गार जेल लावून ती मुठीएवढी वस्तू गाठीवर टेकवली, फिरवली, दाबली. बटणं टकटक वाजली. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. असा गप्प झालेला दुकानदार मला अजिबात आवडत नाही.

“चौदा मिलिमीटर,” त्या शेवटी म्हणाल्या. “कडा गुळगुळीत आहेत, साधी वाटतेय. पहिल्यांदाच दिसतेय आणि घरात कुणाला नाही, तर घाई करायला नको. सहा महिन्यांनी परत बघू.”

चौदा! नऊच्या जागी चौदा! सापडला की नाही चोर, असं म्हणून मी जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच उतरलो. दोनपैकी एक मशीन नक्की खोटं होतं. रस्ताभर मी हिला माझा हिशोब ऐकवत होतो. ही हूं हूं करत होती.

घरी आल्यावर मात्र माझं डोकं अडकलं. खोट्या काट्याची एक गोष्ट ठरलेली असते. तो नेहमी मालकाच्या बाजूनं झुकतो. फुगवलेला आकडा सांगायचा असेल तर पुढे काहीतरी विकायला हवं, ऑपरेशन, औषध, निदान आणखी एखादी तपासणी. ह्या बाईंनी तर काहीच विकलं नव्हतं. सहा महिन्यांनी या, म्हणाल्या. आणि म्हाताऱ्यांनी तरी मुद्दाम कमी सांगून काय मिळवलं? दोघांचा फायदा मी चहा गार होईपर्यंत शोधला, आणि तो कुठेच सापडेना.

मशीन तपासल्याशिवाय मला झोप येणार नव्हती. तपासायला ठरलेलं माप लागतं. ते माझ्याजवळ होतं. माझ्या उजव्या हातावर कोपराखाली चरबीची एक गाठ आहे. वीस वर्षं झाली, ना दुखत ना खुपत. नातवंडं तिला ‘आजोबांचं बटण’ म्हणतात. पेटीतून बारीक मापं घ्यायचा माझा जुना व्हर्निअर काढला आणि चहाच्या टेबलाशी बसून ती तीन वेळा मोजली. एकतीस मिलिमीटर. कागदावर लिहून तो कागद हिच्या जुन्या रिपोर्टबरोबर खिशात ठेवला.

सकाळी आधी बाजाराजवळच्या केंद्रात गेलो. हातावरची गाठ जरा ठणकते म्हणून खोटंच सांगितलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, “नुसती चरबी आहे. तीस मिलिमीटर. पण काकूंना नाही आणलंत? सहा महिने झाले की.”

“इथेच का आणायचं?” मी विचारलंच.

“अहो, त्याच मशीनवर, त्याच हातानं बघितलं की वाढली का ते नेमकं कळतं. दुसरीकडे जायचं तरी जा, पण जुना रिपोर्ट दाखवा म्हणजे झालं.”

त्या ‘इथेच’वर मी सहा महिने संशयाचे इमले बांधले होते, आणि त्याचा अर्थ एवढाच होता. मी मान खाली घालून बाहेर पडलो. पण अजून एक मशीन राहिलं होतं. आता मला ते खोटं निघायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी काट्यात खोट असावी म्हणून मनोमन हात जोडत चाललो होतो.

नव्या केंद्रात डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर ती वस्तू फिरवली. “साधी आहे काका. एकतीस.”

एका मिलिमीटरची सूट तर मीही देत आलोय. दोन्ही काटे खरे होते. म्हणजे नऊही खरे आणि चौदाही खरे. वस्तूच वाढली होती.  मला पलंगावरून उठवेचना.

“काका, काय होतंय?”

मी खिशातून हिचा जुना रिपोर्ट काढला. पिशवी उघडायची वेळ ती होती, फक्त ह्या वेळी चोर मी होतो.

त्यांनी वाचलं, तारीख बघितली, पुन्हा वाचलं. “मी विचारलं होतं ना?”

“विचारलं होतंत.”

“मग?”

“मला तुमचं मशीन तपासायचं होतं.”

त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मशीन बरोबर आहे काका. मी चुकीचं सांगितलं, कारण मला चुकीचं सांगितलं गेलं. सहा महिन्यांत एवढी वाढलेली गाठ मी एक आठवडासुद्धा तशी सोडली नसती. घरात खरंच कुणाला नाही ना?”

“हिची ताई,” मी म्हटलं. “त्यातच गेली.”

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. “उद्या सकाळी काकूंना आणा. सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवायचा.”

घरी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, माझा मूर्खपणासुद्धा. वाटलं, आता ही मला फाडून खाईल. पण ती फक्त म्हणाली, “सुई नको.”

“अगं, पण...”

“सुई नको म्हटलं ना. ताईला सुई लावली आणि ते सगळीकडे पसरलं. दोन महिन्यांत गेली ती. साधी आहे म्हणाल्यात ना त्या? मग राहू दे सहा महिने.”

तीच टॉवेलची घडी तिनं चार वेळा मोडली आणि चार वेळा घातली. मी रात्रभर विनवण्या केल्या, चिडलो, रडलोसुद्धा. शेवटी पहाटे म्हणाली, “त्या बाईंच्या तोंडून ऐकते. तुमच्या नाही.” माझ्यावर विश्वास नाही असं ही मला पहिल्यांदा म्हणाली, आणि ते योग्यच होतं.

डॉक्टरीणबाईंनी हिच्याजवळ स्टूल ओढलं. “काकू, सुईनं ते पसरत नाही. तुमच्या ताईंना सुई लावली तेव्हा ते आधीच पसरलेलं असणार. सुईनं फक्त ते दाखवलं. तुमचं अजून लहान आहे, म्हणून तर घाई करतेय.” मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. “बघा. मी काय करतेय ते सगळं तुम्हाला दिसेल.”

आधी तेवढ्या जागेपुरती भूल दिली. राखाडी पडद्यावर ती काळी गाठ मला पहिल्यांदा दिसली. एका कडेनं पांढरी रेघ आत आली. ती सुई होती. डॉक्टरीणबाईंची नजर पडद्यावर, हात अजिबात हलत नव्हता. रेघ सरळ गाठीपर्यंत गेली आणि तिथे थांबली. “आता खट्ट आवाज येईल. घाबरू नका,” त्या म्हणाल्या. आला. तीनदा आला. प्रत्येक वेळी हिनं माझी बोटं अशी आवळली की मला वाटलं मोडतात. इतकं नेमकं काम मी छत्तीस वर्षांत कुणाच्या काट्यावर बघितलं नव्हतं, आणि ते मी त्यांना तसं सांगितलं.

आठ दिवसांनी निकाल आला. ‘ते’च होतं. पण लहान होतं, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलं नव्हतं, आणि येत्या सोमवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ह्यातून काकू चांगल्या बऱ्या होतील असं त्यांना वाटतं. मी विचारलं, सहा महिने थांबलो असतो तर? त्या कागदांवर शिक्के मारत राहिल्या.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मला हिची माफी मागायची होती. शब्द जुळवून ठेवले होते, पण सुरुवात होत नव्हती.

“माझ्यामुळे तुला खोटं बोलावं लागलं,” मी कसंबसं म्हटलं.

“तुमच्यामुळे नाही.” ही समोर बघत होती. “तुम्ही रिपोर्टचं खोटं सांगायला सांगितलंत. ताईचं कुठे सांगितलं होतं?”

मी तिच्याकडे वळलो.

“ताईचं कळलं की सुई लावतील, म्हणून मी नाही म्हटलं. तुम्ही रिपोर्ट लपवा म्हणालात, तेव्हा सुटल्यासारखं झालं मला. पण नाही म्हटलं आणि लगेच भीती वाटली. वाटलं, हे सगळ्यांचं खोटं पकडतात, माझंही पकडतील. आत्ता म्हणतील, अगं, ताईचं काय? म्हणून मान वळवून तुम्हाला शोधत होते मी.”

मी तेव्हा मशीनच्या मागे वाकून शिक्का शोधत होतो.