गळती कायमची बंद

बायकोने गाडी घेतली याचं कंत्राटदाराला वाईट वाटलं नाही. तिने ती स्वतःच्या पगारातून घेतली, स्वतः चालवून पारखून घेतली, यालाही त्याची ना नव्हती. पण जगात इतक्या गाड्या असताना तिने नेमकी छत उघडणारी घ्यावी, हे त्याच्या मनाला लागलं. त्याने उभं आयुष्य लोकांच्या गच्च्यांमधून झिरपणारं पाणी थांबवण्यात घालवलं होतं. त्याच्या टेम्पोवर दोन्ही बाजूंनी ठळक अक्षरांत 'गळती कायमची बंद' असं रंगवलेलं होतं. अशा माणसाच्या बायकोने ही गाडी घेणं म्हणजे आगीच्या बंबावरच्या जवानाच्या घरच्यांनी फटाक्यांचं दुकान काढण्यासारखं होतं.

"लोक काय म्हणतील?" त्याने विचारलं.

"लोक म्हणतील, काय गाडी आहे!" बायको म्हणाली.

"अगं, पण छत..."

"छत आहे ना. बटण दाबलं की मागे जातं."

"ते जातं कशाला पण?"

बायकोने गाडीची किल्ली उचलली. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात एक्स-रे काढायची. तिच्या खोलीला खिडकी नव्हती आणि दाराला शिशाचा पत्रा होता. दिवसभर लोकांना 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' असं सांगायचं आणि स्वतः काचेमागे उभं राहायचं. हिवाळ्यात ती अंधारात घर सोडायची आणि अंधारातच परतायची. मधल्या वेळात सूर्य उगवून मावळल्याचं तिला इतरांकडून कळायचं. अशा बाईला छत मागे कशाला जातं हे समजावून सांगावं लागत नाही, आणि समजावून सांगण्यात तिला रसही नसतो.

गाडी फिकट पिवळी, दोन दारांची, कापडी छताची होती. आधीचा मालक दातांचा डॉक्टर. त्याने ती वयाच्या एका झटक्यात घेतली होती आणि झटका ओसरल्यावर विकायला काढली होती. मागे एक सीट होती, पण ती बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा पाय नसलेला माणूस असावा. कंत्राटदाराची आई मात्र वयोमानानुसार आटत आटत नेमकी त्या मापाची झाली होती. ती पहिल्याच दिवशी तिथे जाऊन बसली, डोक्याला रुमाल बांधला, सुनेचा काळा चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाली, "चला. याला यायचं नसेल तर राहू दे घरी."

मग तोही निघाला. आकाश निरभ्र होतं, तरी त्याने सोबत रेनकोट घेतला.

वसंताची नुकती सुरुवात होती. नदीकाठच्या रस्त्याला झाडांवर पान नव्हतं, पण फुलं अशी लागली होती की फांदी दिसत नव्हती. बायको गाणं म्हणत होती. आठवडाभर दबक्या आवाजात बोलणारी ही बाई इतक्या मोठ्याने गाऊ शकते, आणि इतकं बेसूर, हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तो मान वर करून एकेका इमारतीकडे बघत होता.

"ती बघ. तिसऱ्या मजल्याची भिंत ओली आहे. वरून मुरतंय."

"अहो, फुलं बघा."

"फुलं ठीक आहेत. पण त्या कठड्याला भेग आहे."

"तुझ्या बापालाही मी समुद्र दाखवायला नेलं होतं," मागून आई म्हणाली. "त्याने बोटीला गंज किती चढलाय ते बघितलं."

सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या तरुण मुलींनी आईला हात केला. आईने असा हात हलवून उत्तर दिलं, की जणू तिला याची रोजची सवय असावी. बायको खळखळून हसली. कंत्राटदाराने टोपी खाली ओढली.

गाडी आवडायला लागल्याचं त्याने कधी कबूल केलं नाही. पण पुढच्या शुक्रवारी कोणी न सांगता तो टायरमध्ये हवा भरून आला आणि थर्मासचं झाकण घट्ट लागत नाही म्हणून नवा थर्मास घेऊन आला. रविवारी गाडीत वाऱ्याने एक पांढरी पाकळी येऊन त्याच्या मिशीवर बसली, ती त्याने बराच वेळ झटकली नाही. बायकोने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं जमतं.

पुढच्या फेरीला परतताना पावसाची सर आली. बायकोने गाडी कडेला घेऊन बटण दाबलं, छत मागून उठून मोठ्या अदबीने पुढे आलं आणि बसलं. आत तिघं, बाहेर सर. खरं तर छान वाटावं असा प्रसंग. तेवढ्यात कंत्राटदाराच्या मानेवर एक थेंब पडला.

तो ताठ झाला.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"गळतंय."

"एक थेंब तर आहे."

"एक थेंब?" एवढ्या वर्षांत अनेक गिऱ्हाइकांनी त्याला हेच म्हटलं होतं आणि नंतर त्यांची छतं जेवणाच्या ताटात आली होती. ते सगळं त्याने घर येईपर्यंत तपशिलाने सांगितलं. माझ्या घरच्या माणसांच्या डोक्यावर गळती, असं म्हणताना त्याचा आवाज थोडा कापलासुद्धा.

गाडी उभी करून बायको त्याच्याकडे वळली. "हे बघा. तुम्ही हिला हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला देईन, तिथे बघतील. येत्या शनिवारी आपल्याला कालव्याच्या रस्त्याला जायचंय. तिथली फुलं या एका शनिवार-रविवारपुरती राहतील, मग वर्षभर काही नाही. आमच्या तळघरात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, शनिवारी मी कुठे असेन ते. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. आणि ते त्या क्षणी खरंही होतं.

बुधवारी बायको कामावर गेली होती, आई डुलकी काढत होती. एका कामावरून फटी बुजवायचा माल उरला होता. कंत्राटदाराने नुसतं बघायचं म्हणून छताची शिवण बोटाने चाचपली, आणि मग हात थांबले नाहीत. आधी त्याने सगळ्या फटी ब्रशने साफ केल्या. मग प्रायमर मारला, पट्टी बसवली, सीलंट भरला, ओलं बोट फिरवून तो सगळीकडून गुळगुळीत केला. काचेच्या वरची कड, बाजूच्या कडा, मागच्या घडीच्या खाचा, काही सोडलं नाही. नंतर पाण्याचा पाइप लावून छतावर अखंड पाणी सोडलं आणि आत बसून वाट पाहिली. थेंब नाही. त्याला भरून आलं. इतकं नेटकं काम त्याने कधी कुठल्या रुग्णालयाच्या गच्चीलाही केलं नव्हतं. शनिवारी सर आलीच तर तो काही बोलणार नव्हता, नुसता बसून राहणार होता. आणि बायकोच्या आपोआप लक्षात येणार होतं.

शनिवार उजाडला तो लख्ख. डबा झाला, थर्मास भरला, आई रुमाल बांधून मागे बसली. बायकोने गाडी सुरू केली आणि बटण दाबलं.

आतून मोटर घुरघुरली. छत हललं नाही. तिने पुन्हा दाबलं. या वेळी कुठेतरी काहीतरी कण्हलं, करकरलं, मग 'टक्' असा एक आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

बायकोने वर पाहिलं. काचेवरच्या कडेला राखाडी, सुबक, कायमची रेघ होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि ते बोट तसंच वर ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

कंत्राटदाराने त्या रेघेकडे पाहिलं. आणि तेव्हा, बुधवारपासून पहिल्यांदा, त्याला आठवलं की हे छत उघडायचं असतं.

"सीलंट," तो म्हणाला.

"बाई गं," मागून आई पुटपुटली.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "तुम्हाला ही गाडी पहिल्यापासून नको होती," ती एक्स-रेच्या खोलीत बोलत असावी तशा सपाट आवाजात म्हणाली. "नको होती तर तोंडाने म्हणायचं होतंत. खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"छे!" असं तो म्हणणार होता, पण त्याची नजर मागच्या खाचांकडे गेली. छत मागे जाताना त्याने कितीदा पाहिलं होतं. त्याच खाचा, त्याच घड्या. त्या खाचांतच त्याने बोट फिरवून माल भरला होता. असं विसरतं का कोणी? त्याच्या धंद्यात छत एकदाच बंद करतात, हे खरं होतं. पण हे कारण पुरेसं आहे का, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

बायकोने गाडी बंद केली.

"म्हणजे ठरवून नाही केलं गं. गळती दिसली आणि बाकी सगळं डोक्यातून गेलं. पण बाकीचं इतक्या सहज कसं गेलं, ते मला माहीत नाही."

"हं," बायको म्हणाली. "हे खोटं वाटत नाही."

ती उतरून घरात गेली. दार आपटलं नाही, त्यामुळे त्याची भीती वाढली.

त्याने टेम्पोतून खरवडायची पत्री, चाकू, सुया, जे हाताला लागलं ते काढलं. गिऱ्हाइकांना तो नेहमी छातीठोक सांगायचा की माझा माल एकदा बसला की माझ्या बापालाही निघत नाही. आता ते किती खरं होतं हे कळत होतं. बोटाएवढा तुकडा काढायला घाम फुटत होता, आणि खाली कापडाला धक्का लागून चालणार नव्हतं. स्वतःचं काम तो स्वतःच्याच हाताने उचकटत होता. आई गाडीतून उतरायला तयार नव्हती. "डाव्या बाजूला राहिलंय," ती आतून सांगत होती. "तिथे नाही. तुझ्या डाव्या."

थोड्या वेळाने बायको रुग्णालयातले हातमोजे घालून आली आणि दुसऱ्या बाजूने खरवडायला बसली.

"खिशातलं पाकीट काढून कडेला ठेवा," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "सगळीकडे चिकटतंय."

एवढ्या वाक्यावर त्याला हलकं वाटलं.

संध्याकाळी शेवटचा तुकडा निघाला. मोटर मात्र गेली होती. गॅरेजवाल्याने येऊन बघितलं, सुटा भाग बाहेरून मागवावा लागेल, यायला उन्हाळा उजाडेल म्हणाला. मग त्याने आणि कंत्राटदाराने दोन बाजूंनी धरून छत ढकलत मागे नेलं, आणि ते एकदाचं घडीत बसलं.

"आता हे असंच राहणार," गॅरेजवाला म्हणाला. "आत्ता जोर सहन केला, पुन्हा ओढलंत तर कापड फाटेल. लावायचं असेल तेव्हा मला बोलवा, सांगाडा सोडून घेऊ."

"म्हणजे पाऊस आला तर?"

"तर भिजा."

कंत्राटदाराने त्या रात्रीपुरती आपल्या गोदामातली सीलंटची पिंपं बाहेर काढून रस्त्याकडेला ठेवली आणि पिवळी गाडी आत घेतली.

रविवारी ते कालव्याच्या रस्त्याला गेले. फुलं होती, थोडी उतरणीला लागलेली, पाण्यावर पाकळ्यांची साय धरली होती. बायकोने गाडी अगदी हळू चालवली. ती गात नव्हती. कंत्राटदाराने कुठल्याही भिंतीकडे पाहिलं नाही, त्यामुळे त्याची मान अवघडली. कालव्याच्या शेवटी बसून त्यांनी डबा खाल्ला, आणि त्याने पुलाकडच्या झाडाकडे बोट दाखवलं, "ते जास्त दाट आहे नाही?" तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "हो. तेच दाखवायचं होतं तुम्हाला."

परतताना शहराच्या तोंडाशी सर आली. चांगली टपोरी. बायकोने वेग वाढवला, पण नेमका सिग्नल लाल झाला. शेजारी एक बस येऊन थांबली. बसच्या सगळ्या खिडक्यांमधून लोक खाली बघत होते: एक म्हातारी काळ्या चष्म्यात, एक बाई स्टीअरिंगवर, आणि एक मिशाळ गृहस्थ, तिघंही निथळत, समोर बघत, जणू थिएटरमध्ये बसलेत.

बसचालकाने खिडकीची काच सरकवली. "अहो काका! छत लावा की!"

बायकोने हँडब्रेकवर हात ठेवला. आई मागून काहीतरी बोलायच्या बेतात होती. कंत्राटदाराने मिशीवरून हात फिरवला, पाणी झटकलं आणि मान वर करून बसचालकाकडे पाहिलं.

"नको आहे," तो म्हणाला.

"नको?"

"असंच बरं वाटतं. हवा लागते."

बसचालकाने काच बंद केली. सिग्नल हिरवा झाला, बस निघून गेली. बायको मात्र नवऱ्याकडेच बघत होती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"अगं, हिरवा झाला," तो म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली.