चिमूटभर मोडाचे पीठ

मित्रांनो, खिळ्याला टांगलेला हा काळपट लाकडी डाव पाहून तुम्ही पुढे जाल, हे मला ठाऊक आहे. तरी जरा थांबा. मुलांच्या दवाखान्याच्या या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षे पेज ढवळली आहे.

एका सुताराने जुन्या दाराच्या फळीतून मला तासले. मला ढवळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. जीभ तिखट, पण मूल रडले की आधी धावणार त्याच. पेज किती घट्ट झाली, हे मला दांड्यावरच्या ओढीवरून कळे.

एकदा अडीच वर्षांची एक मुलगी दाखल झाली. मोठ्या आजारातून उठलेली, नुसती हाडे. परिचारिकेने तिचे नाव मुंगी पाडले. तिचे वडील शिंपी होते. रोज सकाळी ते गळ्यातली टेप काढून तिच्या दंडाला गुंडाळीत आणि आकडा कुणालाही न सांगता टेप पुन्हा गळ्यात टाकीत.

घट्ट पेज मुंगीला गिळवत नसे. पातळ केली तर दोन घोटांत पोट भरे, आणि अंगी लागायला त्यात पाण्याशिवाय होते काय?

“या आठवड्यात वजन वाढलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिंप्याने मान खाली घातली.

मावशी चाचरत म्हणाल्या, “आमच्या सासूबाई म्हाताऱ्या मामंजींच्या पेजेत मोड आलेल्या गव्हाचं पीठ घालायच्या. पेज सैल व्हायची. करून बघू?”

“बघा की!”

गहू भिजले, ओल्या फडक्यात त्यांना मोड आले, ते उन्हात वाळवून दळले. मावशींनी चिमूटभर पीठ रटरटत्या पेजेत टाकले आणि मला फिरवत राहिल्या. ओढ तसूभर कमी होईना. मावशींचा चेहरा उतरला.

“उकळत्यात टाकलंत ना? तिथेच चुकलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पेज घट्ट होते ती पिष्टामुळे. पिष्ट म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. कोंब फुटला की त्याला भूक लागते. मग दाण्यातलं विकर, म्हणजे एन्झाइम, ती माळ तोडायला लागतं. पण उकळीत ते निकामी होतं. बोट क्षणभर सोसेल इतकी पेज निवू द्या, मग टाका.”

“म्हणजे पक्षीण पिलाला दाणा मऊ करून भरवते, तसंच की!”

“अगदी तसंच.”

मावशींनी दुसरी पेज शिजवली, निववली, चिमूट टाकली. मी फिरत होतो. आधी तीच ओढ. मग कुणीतरी मूठ सोडावी तसा माझा दांडा हलका झाला. पाण्याचा थेंबही न घालता पेज सैल झाली होती! डॉक्टरीणबाईंनी पीठ टाकण्याआधीची चमचाभर पेज बशीत ठेवली होती. तिच्यावर आयोडीनचा थेंब पडताच ती काळीनिळी झाली. दुसऱ्या बशीत काढलेली नंतरची चमचाभर पेज मात्र थेंबाने नुसती तांबूस झाली.

“तुटल्या माळा,” त्या हसल्या. मावशींनी पेजेला पुन्हा एक उकळी दिली आणि ती कोमट करून वाटीत ओतली.

मुंगीने वाटी संपवली. मग मला दोन्ही हातांनी धरून चाटू लागली.

“साखर घातलीत, मावशी?” शिंप्याने विचारले.

“एक दाणा नाही! तांदळातलीच ती. मुंगीला बरी सापडली!”

आठवडा संपताना वजन थोडे वाढले आणि नळी टळली. बाराव्या दिवशी शिंप्याने टेपेवरचा आकडा मोठ्याने सांगितला, तोही झाडू मारणाऱ्या बाईला. पुढच्या आठवड्यात मुंगी वडिलांच्या कडेवर बसून घरी गेली. मावशी मला हातात घेऊन दारात उभ्या होत्या. मुंगीने मागे वळून पाहिले नाही.

“बरं झालेलं लेकरू मागे बघत नाही,” मावशी म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या. त्या दिवशी एकच पातेले त्यांनी तीनदा घासले.

पुढे मावशी थकल्या, काम सोडून गेल्या. नव्या बाईंनी स्टीलचा डाव आणला. मला तेलाचा हात लागत नाही. अंगावर चीर गेली आहे. तो दांडा हलका होण्याचा क्षण एकदा तरी पुन्हा यावा, असे फार वाटते.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घरात कुणी ताट बाजूला सारले, तर लगेच रागावू नका. त्याला गिळवते का, ते आधी विचारा.

इथून खिडकीतला रस्ता दिसतो. एखादी मुलगी धावत गेली की मी निरखून पाहतो. मुंगी आता इतकी मोठी झाली असेल, की समोरून गेली तरी मला ओळखू यायची नाही. मावशी असत्या तर म्हणाल्या असत्या, “अरे, त्यासाठीच तर ढवळत होतो ना आपण!”