परसातली हद्द

मला परसात हलवायचं घरात ठरलं होतं. चिरंजीवांनी नकाशाच काढून आणला. मागच्या मोकळ्या जागेत एक खोली, स्वतंत्र दार, स्वतंत्र न्हाणी. "बाबा, तुम्हाला निवांतपणा," म्हणाले. सूनबाई भाजी चिरत होती, ती काहीच बोलली नाही. म्हणजे हे खूळ तिचंच, असं मी धरून चाललो आणि तिच्यावर खार खाऊन राहिलो.

मेख एकच होती. परसाच्या टोकाला ओढा आहे आणि त्याच्या काठची जमीन पाणथळ. पाणथळीत बांधकाम करू देत नाहीत. ती नेमकी कुठवर आहे हे आखून द्यायला मोजणीवाल्या बाई येणार होत्या. खोलीच्या जागी चार खुंट्या ठोकलेल्या. पाणथळीची हद्द त्या खुंट्या ओलांडून घराकडे आली तर मी वाचलो, नाहीतर माझी वळकटी परसात.

आता मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस. पाणी कसं वळवायचं हे मला कुणी शिकवू नये. दुपारी दोघं कामावर असली की मी बागेची नळी खुंट्यांच्या मधोमध सोडायचो आणि व्हरांड्यात पेपर वाचत बसायचो. थोड्याच दिवसांत तिथे असा रबरबाट झाला की शेजाऱ्यांचं मांजर वळसा घालून जाऊ लागलं. एक गोष्ट मात्र मला कळेना. त्या चिखलात पाणथळीत उगवणाऱ्या लव्हाळ्याचे हिरवेगार झुबके दिसू लागले. इतक्या लवकर? म्हटलं, नशीब जोरावर आहे, उगाच चौकशा कशाला.

बाई आल्या. पायात गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर माती काढायचं लांब गिरमिट, पिशवीत गुलाबी झेंड्या. चिखल पाहून चिरंजीवांचा चेहरा पडला. मी मोठा सुस्कारा सोडला. "काय करणार, जमिनीच्याच मनात नाही," मी म्हणालो.

बाईंनी आधी ओढ्याकाठी गिरमिट फिरवून माती वर काढली. राखाडी, मधे गंजासारखे डाग. "ही खरी पाणथळ. वर्षानुवर्षं पाणी मुरलं की माती अशी होते," त्यांनी सांगितलं. मग खुंट्यांच्या मधे येऊन त्यांनी वरचा चिखल बुटाने सारला आणि गिरमिट खोल घातलं. खालून चांगली तपकिरी, भुसभुशीत माती निघाली.

"इथे पाणी हल्लीच आलंय. वरून."

मी वर पाहिलं. आभाळात ढगाचा तुकडाही नव्हता.

मग त्यांनी लव्हाळ्याचा एक झुबका ओढला. तो मुळांसकट अलगद हातात आला, आणि मुळांचा आकार थेट कुंडीचा. "आणि हे कुणीतरी लावलंय."

चिरंजीव माझ्याकडे वळले. "बाबा?"

पाण्याचा धनी मी होतो, पण लव्हाळ्याला मी बोटही लावलं नव्हतं. तसं सांगणार, तोच सूनबाई पुढे झाली.

"त्यांनी नाही, मी लावलं. ओढ्यावरून आणलं, कुंडीत जगवलं आणि सकाळी तुम्ही दोघं उठायच्या आत लावलं."

"तू? कशाला?"

"बाबा तिकडे गेल्यावर मी भांडू कुणाशी? तुला तर धड भांडताही येत नाही."

मला हसू फुटलं आणि मागोमाग लाजही वाटली. इतके दिवस मी या पोरीच्या नावाने बोटं मोडत होतो.

चिरंजीव बिचारे नकाशा धरून उभे. "पण घरात गोंगाट फार, हे रोज तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणतो. उद्याही म्हणेन. पण मला तुमच्यातून उठून जायचं नाही. तिकडे एकट्याने झोपायची मला भीती वाटते रे."

हे आधीच तोंडाने सांगितलं असतं तर नळी लागली नसती, हे मलाही तेव्हाच कळलं.

बाईंनी शेवटची झेंडी खुंट्यांच्या बरीच पलीकडे, ओढ्यालगत रोवली. "हद्द इथे. तुमची जागा कोरडी आहे, खुशाल बांधा."

मुलाने नकाशाची घडी घातली. "राहू द्या," तो म्हणाला, आणि पँट वर दुमडून पहिली खुंटी उपटायला चिखलात उतरला.